आधी शिकू द्या, मग शिकवायला सांगा : मिशन मंडळांच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आपले परिपत्रक मिळाले. परदेशातील शाळांत नव्याने जाणाऱ्या शिक्षकांना तिथे पोहोचल्यावर भाषा शिकण्यासाठी यापुढे वेगळा काळ मिळणार नाही, निघण्यापूर्वीचा ऑनलाइन वर्ग पुरेसा धरला जाईल आणि पहिल्याच आठवड्यापासून पूर्ण तासिका घ्याव्या लागतील, असे त्यात म्हटले आहे. कारण खर्चाचे आणि तातडीच्या गरजेचे दिले आहे. त्याच टपालात दुसरेही एक पत्र होते. आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेला मुदतीआधी परत बोलावण्यात आले, तिच्याविषयीचे. नव्या परिस्थितीशी तिला जुळवून घेता आले नाही, असा एका ओळीत निकाल.

दोन्ही पत्रांवर सही एकाच हाताची. एका पत्राचे उत्तर दुसऱ्यात आहे, हे सही करताना कुणाच्या ध्यानात आले नसावे.

मी आधी खासगीत लिहिले होते. पोच आली, उत्तर आले नाही. शिवाय हा प्रश्न काही एका मंडळाचा नाही. तरुण मुलामुलींना परदेशी शिकवायला धाडणाऱ्या सगळ्याच संस्थांनी आणि त्यांच्यासाठी महिन्याच्या महिन्याला वर्गणी काढणाऱ्या चर्चच्या मंडळ्यांनी हे वाचावे, म्हणून उघड लिहिते आहे. देशाचे आणि शाळेचे नाव मुद्दाम घातलेले नाही. इथल्या मुलांचा आणि सहकाऱ्यांचा यात काही दोष नाही, आणि त्या मुलीला आणखी चर्चेत ओढायची माझी इच्छा नाही.

मीही मिशनचीच शिक्षिका. याच शाळेत बरीच वर्षे काढली. नवीन माणूस आले की त्याला खोली दाखवणे, परदेशी नागरिक म्हणून नोंदणीला घेऊन जाणे, कोणत्या नळाचे पाणी प्यायचे आणि कोणत्या नाही हे सांगणे, ही कामे कुणी नेमून न देता माझ्या गळ्यात पडली. त्यामुळे आपल्याला जे वर्षातून एकदा अहवालात दिसते ते मला रोज भिंतीपलीकडून ऐकू येते. रात्री दोन वाजता येरझाऱ्या घालणारी पावले अहवालात येत नाहीत.

आधी वर्गातले सांगते, कारण आपल्या परिपत्रकात वर्गाचा उल्लेखच नाही. परत बोलावलेली ती शिक्षिका गणिताचा तास घ्यायची आणि शेवटी विचारायची, "समजलं का?" अख्खा वर्ग एका सुरात "हो" म्हणायचा. बाईंना तोंडावर "नाही समजलं" म्हणायला मुलांची जीभ रेटत नाही, कुठल्याच देशात रेटत नाही. मधली सुट्टी झाली की तीच मुले वह्या घेऊन जिन्याखाली जमायची. तिथे इथलीच एक सहशिक्षिका, फुटक्या पाटीवर, तोच अपूर्णांकांचा धडा त्यांच्या भाषेत पहिल्यापासून शिकवायची. तिचा डबा तसाच बाजूला. या कामाचे तिला वेगळे पैसे नाहीत आणि आपल्या कुठल्याही कागदावर तिचा उल्लेख नाही. नव्या बाईंना हे समजले ते वह्या तपासताना. एका मुलाची सगळी उदाहरणे बरोबर होती, पण रीत तिने शिकवलेली नव्हती. दुसऱ्याची वही पाहिली, तिसऱ्याची पाहिली. सगळीकडे तीच रीत. त्या संध्याकाळी ती जेवायला आली नाही.

भाषेच्या महिन्यांचा खर्च वाचला, असे आपण म्हणता. तो वाचलेला नाही. त्याची वसुली मुलांच्या सुट्टीतून आणि त्या सहशिक्षिकेच्या जेवणाच्या वेळेतून चालू आहे. दोघांनाही कुणी विचारलेले नाही.

भाषा किती दिवसांत येते, याबद्दल आपण जो अंदाज बांधला आहे तो कशावर, ते मला समजून घ्यायचे आहे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते तेव्हा इंग्रजीपासून दूरच्या बहुतेक भाषांसाठी साधारण ४४ आठवडे धरते, आणि चिनी, जपानी, कोरियन, अरबी यांसाठी ८८. तेही दुसरे काही काम न करता, दिवसभर फक्त भाषा. अमेरिकी सरकारने १९६१ मध्ये सुरू केलेल्या पीस कोअर या संस्थेतून स्वयंसेवक परदेशी दोन वर्षांसाठी जातो, तरी आधी सुमारे तीन महिने त्याच देशात, बहुधा एखाद्या कुटुंबात राहून भाषा आणि रीतभात शिकतो. मग कामाला लागतो. ही सरकारी खाती. त्यांना ना पाचारण, ना प्रार्थना. तरी त्यांना कळले ते आपल्याला का कळू नये?

"पूर्वीच्या मिशनऱ्यांना कुठे होते प्रशिक्षण? ते गेले, राहिले, देवाने चालवले." हे वाक्य मी आपल्या प्रतिनिधींच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की त्याला थोडे सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

मराठी माणसाला तरी हे सांगू नये. आपल्या भागात आलेल्यांची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. जॉन आणि मार्गारेट विल्सन हे स्कॉटिश मिशनरी दांपत्य १८२९ मध्ये मुंबईत उतरले आणि लगेच शाळा काढायला बसले नाहीत. आधी कोकण किनाऱ्यावरच्या मिशन ठाण्यांवर राहून मराठी शिकले, मग मुंबईत परतले आणि त्यानंतर मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. दोन वर्षे आधी, १८२७ च्या डिसेंबरअखेर, अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेने पाठवलेल्या सिंथिया फॅरार आल्या होत्या. अविवाहित, एकट्या. मुंबईत आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच देह ठेवला. नगरच्या त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची उमेद आली, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतल्याचे सांगितले जाते. असे काम बिनभाषेच्या, दोन-तीन वर्षांच्या घाईत होत नसते.

आणि त्या काळाचा हिशेब मांडायचाच तर पूर्ण मांडा. मुंबईत अमेरिकन मिशनचे काम उभे करणारे गॉर्डन हॉल १८२६ मध्ये प्रवासात पटकीने गेले. मार्गारेट विल्सन १८३५ मध्ये गेल्या, मुंबईत येऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. जे टिकले त्यांची चरित्रे छापली गेली. जे मोडून परत गेले त्यांची कुणी छापली नाहीत, म्हणून सगळेच टिकले असे आपल्याला वाटते.

चीनमध्ये गेलेल्या अमेरिकन मिशनरी लॉटी मून यांचे उदाहरण तर आपल्या शिबिरांत हटकून दिले जाते. त्या १८७३ मध्ये गेल्या, मुलींना शिकवले, १९१२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी मायदेशी परतताना जपानमधल्या कोबे बंदरात जहाजावर वारल्या. एवढे शिबिरात सांगतात. त्यांनी आपल्या बोर्डाला वर्षानुवर्षे पत्रे लिहून माणसे मागितली, ठरावीक काळाने मायदेशी रजा हवी, नाहीतर माणसे खचतात, असे ठणकावून सांगितले, हे मात्र शिबिरात कुणी सांगत नाही. त्यागाचे कौतुक करायचे आणि त्याच बाईची मागणी फाइलला लावायची, हा प्रकार जुनाच आहे म्हणायचा.

आता त्या 'जुळवून घेता आले नाही' कडे येते. मला सर्वांत जास्त राग याचा आला.

कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाचा 'कल्चर शॉक'वरचा लेख १९६० मध्ये 'प्रॅक्टिकल अँथ्रोपॉलॉजी'मध्ये आला. ते नियतकालिक प्रामुख्याने मिशनऱ्यांसाठीच होते. म्हणजे ही माहिती आपल्या घरात साठ वर्षांहून जास्त काळ पडून आहे. अचानक परदेशी नेऊन लावलेल्या माणसांना होणारा हा एक व्यवसायजन्य आजार आहे, त्याला कारणे, लक्षणे आणि उपाय आहेत, असे ओबर्गने स्पष्ट लिहिले. लक्षणेही दिली : सारखे हात धुणे, पिण्याच्या पाण्याची आणि अन्नाची अवाजवी धास्ती, किरकोळ उशिरावरून संताप, शून्यात लागलेली नजर, घरी जाण्याची अनावर ओढ. आमच्या त्या शिक्षिकेच्या बोटांची कातडी साबणाने सोलवटून निघाली होती. खडू धरला की चुरचुरायचे म्हणून ती खडूला कागद गुंडाळून लिहायची. मी मलम आणून दिले. आपले प्रतिनिधी वार्षिक भेटीला आले, त्यांनी तिला विचारले, "प्रार्थनेत कमी पडते आहेस का?"

प्रार्थनेबद्दल मला शिकवू नये. मी रोज करते. पण ताप आलेल्या माणसाला आपण डॉक्टरकडे नेतो, त्याच्या विश्वासाची मोजणी करत नाही. इथे मात्र परदेशात गोंधळलेल्या पोरीच्या विश्वासावर बोट ठेवणे सोपे पडते, कारण त्याला खर्च येत नाही. आणि असे बोट एकदा ठेवले की ती पुन्हा तोंड उघडत नाही. तिने नंतर मलाही फारसे सांगितले नाही. "बरं चाललंय, ताई," एवढेच.

मूल्यमापनाची वेळही पाहा. स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले बरे रुळले होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही. सगळ्यात वाईट गत मधल्यांची. पुढच्या संशोधकांना हा चढउतार सरसकट सापडला नाही. काहींना सर्वांत अवघड काळ अगदी सुरुवातीलाच आढळला. यातले कोणतेही मत धरा, पहिल्या वर्षातली अवस्था पाहून माणूस कायमचा नालायक ठरवायला त्यातून आधार मिळत नाही. आपण नेमके वर्ष भरताना मूल्यमापन करता, आणि करणारा कोण, तर ज्याच्याजवळ मन मोकळे करावे असे तिला सांगितलेले असते तोच वरिष्ठ. ज्याच्यापुढे रडायचे त्याच्याच हातात गुणपत्रिका.

प्रार्थनापत्रकाबद्दल थोडे. आपले पत्रक देणगीदारांच्या घरोघरी जाते. त्यात तिचा फोटो छापला होता, भोवती मुले, सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू. खाली तिच्या नावाने मजकूर. त्यासाठी तिने पाठवलेले मूळ पत्र मी वाचले होते. झोप लागत नाही, मुलांशी बोलता येत नाही याची लाज वाटते, कृपया यासाठी प्रार्थना करा, असे त्यात होते. ती वाक्ये वगळली आणि "मुलांचे प्रेम पाहून मन भरून येते" एवढे ठेवले. प्रार्थनेच्या पत्रकातून प्रार्थनेची विनंतीच काढून टाकली! देणगीदारांनाही फसवल्यासारखेच झाले. त्यांना खरे सांगितले असते तर भाषेच्या महिन्यांसाठी त्यांनी हात आखडता घेतला नसता, असे मला अजून वाटते.

दुसरी एक गोष्ट जास्त गंभीर आहे आणि ती दबक्या आवाजातच बोलली जाते. तिचा व्हिसा शिक्षकाचा. शाळेची नोंदणी शाळा म्हणून. पालक मुले पाठवतात ती शिक्षणासाठी, आणि त्यांतले बरेच आपल्या धर्माचे नाहीत. मात्र आपल्या तिमाही अहवालाच्या नमुन्यात रकाना आहे, वर्गाबाहेर किती जणांना सुवार्ता सांगितली. तो रिकामा ठेवला की विचारणा होते, आकडा घातला तर तो यजमान देशाच्या नियमांत बसतो का हे तिला कुणी सांगितलेले नसते. काही देशांत अशा आकड्यापायी माणूस तुरुंगात जाऊ शकतो, शाळेला टाळे लागू शकते. मी श्रद्धेबद्दल संकोच करणारी नाही. कुणी विचारले तर माझा विश्वास काय ते सांगते. पण विशी-पंचविशीतल्या मुलीला एका नावाने सीमेपार पाठवायचे आणि दुसऱ्या नावाने हिशेब मागायचा, हे प्रामाणिकपणात बसत नाही, आणि तिच्या तर जिवाशी खेळ आहे.

पासपोर्टचेही तसेच. 'सुरक्षिततेसाठी' तो कार्यालयाच्या कपाटात. किल्ली ज्यांच्याकडे ते सुट्टीवर. वडील आजारी असल्याचा फोन आला तेव्हा तिकीट मिळत होते, पासपोर्ट मिळत नव्हता. याहून जास्त लिहीत नाही.

१९१० मध्ये एडिनबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली होती. तिच्या आठ आयोगांपैकी एक खास मिशनऱ्यांच्या तयारीसाठी होता. म्हणजे हा प्रश्न तेव्हाच ऐरणीवर होता. त्याच परिषदेत दक्षिण भारतातून गेलेले व्ही. एस. अझरिया, जे दोन वर्षांनी पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले, बोलायला उभे राहिले. तुम्ही दानधर्म केलात, देहही झिजवलात, पण आम्हाला मित्र हवे आहेत, असे त्यांनी भर सभेत सुनावले. कित्येकांना ते झोंबले. मला ते जिन्याखालच्या फुटक्या पाटीपाशी आठवते. आता पाठवणारे आपण आहोत. आपली मुले इतरांच्या देशांत बाहेरून आलेली माणसे म्हणून उभी आहेत, आणि मैत्रीला लागतो तो वेळच आपण परिपत्रकाने काढून घेतला. ती मुलगी आणि ती सहशिक्षिका शेवटी शेवटी एकमेकींशी बोलायला लागल्या होत्या. अर्धे शब्द, अर्धे हातवारे. सहशिक्षिका तिला अंक म्हणायला शिकवायची, ती हिला इंग्रजी शुद्धलेखन दाखवायची. दोघी हसायच्याही. आणखी सहा महिने मिळते तर वर्ग दोघींनी मिळून घेतला असता, हे मी छातीठोकपणे सांगते. परत बोलावल्याचा हुकूम नेमका त्याच सुमारास आला.

परतल्यावर तिचे काय? तिच्या घरच्या मंडळीत उपदेशपीठावरून निरोप दिला होता, सर्वांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. आता ती मागच्या बाकावर बसते, असे तिच्या आईने मला कळवले. मंडळाकडून एकदाही फोन नाही. परदेशातून आलेल्या माणसाला आपलेच घर परके वाटू लागते, हाही अभ्यासाचा जुना विषय आहे. पण अभ्यास राहू द्या, माणुसकी म्हणून तरी कुणी चौकशी करायची होती.

तेव्हा मागण्या लिहिते. त्या अशक्य नाहीत, आणि त्यांतल्या काहींना तर पैसाही लागत नाही.

परिपत्रक मागे घ्या. नवीन शिक्षकाला पहिले सहा महिने स्थानिक भाषा आणि वर्गनिरीक्षण यांपलीकडे काम देऊ नका. त्यानंतरचे सहा महिने अर्ध्या तासिका, त्याही स्थानिक शिक्षकाच्या जोडीने. त्या जोडीदार शिक्षकाला या कामाचे रीतसर मानधन द्या आणि नव्या माणसाबद्दल त्याचे मत आधी विचारा, आपल्या प्रतिनिधीचे नंतर. पहिल्या दोन वर्षांत परत पाठवण्याचा निर्णय केवळ 'जुळले नाही' एवढ्यावर घेऊ नका. समुपदेशक मंडळाबाहेरचा असू द्या, त्याच्याकडे बोललेले कार्यालयात पोचता कामा नये. पासपोर्ट ज्याचा त्याच्या हाती, आजपासून. प्रत्येकाला निघण्यापूर्वी लेखी सांगा की त्याचा व्हिसा कशाचा आहे, यजमान देशाचा कायदा काय म्हणतो आणि त्याच्याकडून नक्की काय अपेक्षा आहे. कायद्यात न बसणारा रकाना नमुन्यातून काढून टाका. शिक्षकाच्या नावाने छापायचा मजकूर छापण्यापूर्वी त्याला दाखवा. रजेचा आणि परतल्यानंतरच्या काळजीचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरा. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, ही शिकवण आपण दर रविवारी इतरांना देतो.

पैसे कमी असतील तर कमी माणसे पाठवा. पाच जणांना अर्धवट तयारीने धाडण्यापेक्षा दोघांना नीट पाठवलेले बरे. पीक फार आणि कामकरी थोडे, हे मान्य. पण हात कापून घेणारा कामकरी शेताच्या काय उपयोगाचा?

आणि त्या मुलीच्या नोंदीतले ते एक वाक्य दुरुस्त करा. तिला कोणती मदत मिळाली नाही, तेही त्याच कागदावर लिहा. उद्या ती दुसरीकडे शिक्षिका म्हणून अर्ज करील तेव्हा हा कागद तिच्या आड येऊ नये.

पुढची तुकडी निघायची तयारी करते आहे. त्यांची नावे निघाली, वर्गणी सुरू झाली, तिकिटे अजून काढलेली नाहीत. ती निघण्याआधी उत्तर द्या. मला खासगी पत्र नको. येत्या प्रार्थनापत्रकात छापा, म्हणजे जाणारी मुले आणि त्यांचे आईवडील दोघांनाही वाचता येईल.

आपली,
मिशनच्या परदेशी शाळेतील एक शिक्षिका